मोटेलांची जुनी पोस्टकार्डे घेताना झालेली माझी फसवणूक

शिकागोत राहायला आल्यापासून मी अमेरिकेतील जुन्या हमरस्त्यांवरच्या मोटेलांची पोस्टकार्डे जमवतो. १९२६ साली आखला गेलेला आणि १९८५ साली अधिकृत यादीतून वगळला गेलेला 'रूट ६६' याच शहरातून सुरू होत असे, त्यामुळे हा छंद लागायला फार निमित्त लागले नाही. (आज त्या रस्त्यावरची कित्येक मोटेले गुजराती कुटुंबे चालवतात, हे कळल्यावर जिव्हाळा थोडा वाढलाच.)

गेल्या वर्षी खरेदी-विक्रीच्या एका संकेतस्थळावर एका विक्रेत्याने 'आजोबांच्या माळ्यावर सापडलेली' चाळीस लिनन कार्डे २४० डॉलरला देऊ केली. लिनन म्हणजे कापड नव्हे. साधारण १९३० ते १९५० या काळात ज्या जाड कागदावर विणीसारखी नक्षी दाबून भडक रंगांत छपाई होत असे, त्या कार्डांना संग्राहक हे नाव देतात. त्याने छायाचित्रे पाठवली ती फक्त दर्शनी बाजूची, आणि संकेतस्थळाचे कमिशन वाचावे म्हणून पैसे 'मित्राला पाठवत आहे' असे दाखवून थेट पाठवा, वीस डॉलर कमी करतो, असे सुचवले. त्या वीस डॉलरच्या मोहात मी परताव्याचा हक्क सोडून दिला, हे मला तेव्हा उमगले नाही.

पाकीट आले तेव्हा वरची पाच कार्डे अस्सल होती. खालची हातात घेताच संशय आला, कारण विणीची नक्षी डोळ्यांना दिसत होती, पण नखाला लागत नव्हती. ती नक्षीसकट स्कॅन करून गुळगुळीत कागदावर छापलेली होती. भिंगाखाली जुन्या छपाईचे शिस्तीत मांडलेले ठिपके दिसायला हवेत, तिथे इंकजेटची विस्कटलेली फवारणी होती. अतिनील टॉर्चखाली कागद निळसर पांढरा चमकला. कागदाला अशी चकाकी देणारी रसायने १९५० च्या आसपासपासून वापरात आली, म्हणून त्याआधीचे म्हणवणारे कार्ड असे चमकले तर ते परत करावे. आणि कळस म्हणजे तीन वेगवेगळ्या मोटेलांच्या कार्डांच्या मागे एकाच जागी, एकाच आकाराचा कॉफीचा डाग होता! म्हणजे एकच मागची बाजू सगळीकडे छापली होती, डागासकट. ॲरिझोनातील हॉलब्रुकच्या विगवॅम मोटेलच्या कार्डावरही तीच बाजू होती आणि तिच्यावर १९४७ चा टपाली शिक्का होता. ते मोटेल सुरू झाले १९५० साली.

मागची बाजू आधी पाहिली असती, तर हे सगळे टळले असते. शिकागोच्याच कर्ट टाइक कंपनीच्या कार्डांवर क्रमांक असतो आणि त्यातील ए म्हणजे १९३० चे दशक, बी म्हणजे १९४०, सी म्हणजे १९५०. अक्षराआधीचा अंक त्या दशकातले वर्ष सांगतो. पत्त्यात पाच आकडी झिप कोड (अमेरिकेतला पिनकोड) छापलेला असेल, तर कार्ड १९६३ च्या आधीचे असूच शकत नाही. आता मी मागच्या बाजूचे स्पष्ट छायाचित्र आल्याशिवाय पुढे बोलत नाही, आणि विक्रेता संकेतस्थळाबाहेर पैसे मागू लागला की सौदा तिथेच सोडतो.

त्या विक्रेत्याचे खाते आठवड्याभरात नाहीसे झाले. पैसे परत मिळाले नाहीत. पस्तीसही कार्डांच्या मागे मी शाईने 'नक्कल' असे लिहून ठेवले आहे.