मोफत सहीसाठी दिलेले सात हजार रुपये आणि कायमची बिघडलेली बॅट

गेल्या डिसेंबरात पुण्यातील एका मॉलमधल्या क्रीडासाहित्याच्या दुकानात भारताच्या एका निवृत्त क्रिकेटपटूचा सह्यांचा कार्यक्रम झाला. कार्यक्रम पूर्णपणे मोफत होता. त्या मोफत कार्यक्रमातील सहीसाठी मी एका अनोळखी माणसाला सात हजार रुपये दिले आणि त्या बदल्यात मला दोन खोट्या सह्या मिळाल्या. पैसे गेल्याचे दुःख आहेच. पण त्यांतील एक खोटी सही अशा बॅटवर आहे, जी मी जवळजवळ तीस वर्षे जपली होती आणि जिच्यावरील आधीच्या चार सह्या खऱ्या आहेत. त्याच माणसाने त्याच दिवशी आणखी निदान सहा जणांना अशाच रीतीने फसवल्याचे आता मला ठाऊक झाले आहे, म्हणून जे घडले ते काही न लपवता लिहीत आहे.

ही बॅट मी १९९६ च्या विश्वचषकाच्या वेळी घेतली. २९ फेब्रुवारी १९९६ रोजी पुण्याच्या नेहरू स्टेडियमवर केनियाने वेस्ट इंडिजला अवघ्या ९३ धावांत गुंडाळून ७३ धावांनी हरवले, तो सामना मी स्टेडियममध्ये बसून पाहिला होता. सामना संपल्यावर केनियाच्या एका खेळाडूने या बॅटवर पहिली सही केली. त्या काळी बॅट आणि पेन पुढे करायचे, खेळाडूच्या मनात असले तर तो थांबायचा, एवढाच काय तो रिवाज होता. पुढच्या तीन सह्या महाराष्ट्राच्या रणजी संघातून खेळलेल्या खेळाडूंच्या आहेत आणि त्या घेताना मी प्रत्येक वेळी समोर उभा होतो. बॅटला मी कधी जवसाचे तेल लावले नाही, कारण तेल मुरले की शाई फुटते. सुती कापडात गुंडाळून ती कपाटात आडवी ठेवलेली असायची.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी साडेआठला मी माझ्या अकरा वर्षांच्या नातीला घेऊन मॉलवर पोहोचलो. दुकानाबाहेर नियमांचा फलक होता. एका व्यक्तीला एकच टोकन, तेही स्वतः रांगेत उभे राहूनच मिळेल. सही फक्त दुकानाने दिलेल्या रंगीत कार्डावर होईल. घरून आणलेल्या बॅट, चेंडू किंवा शर्ट टेबलापर्यंत नेता येणार नाहीत. प्रत्येक सहीच्या वर घेणाऱ्याचे नाव लिहिले जाईल. चौदा वर्षांखालील मुलांची रांग वेगळी असेल. हे वाचून माझा विरस झाला आणि खरे सांगायचे तर रागही आला. कधी एक सही विकली नाही, अशा संग्राहकाला आणि दहा बॅटा घेऊन बाजार मांडणाऱ्याला एकच नियम लावणे मला अन्यायाचे वाटले, आणि हे मी शेजारच्या माणसाजवळ बोलूनही दाखवले. तेच बोलणे मागे उभ्या असलेल्या एका तरुणाने ऐकले असावे.

त्याच्या गळ्यात ओळखपत्रासारखे काहीतरी लटकत होते आणि हातात कागद लावलेला पॅड होता. तो अगदी आदबीने म्हणाला, "काका, एवढी जुनी बॅट घेऊन आलात आणि कार्डावर सही घेऊन परत जाणार?" त्याचे म्हणणे असे होते, की कार्यक्रम आटोपल्यावर पाहुणे मागच्या खोलीत बसून आयोजकांच्या वस्तूंवर सह्या करतात, त्या ढिगात तो माझी बॅट ठेवील आणि नावाशिवायची स्वच्छ सही मिळवून देईल. एका वस्तूचे साडेतीन हजार रुपये. त्याने मोबाइलवर सही केलेल्या बॅटांच्या राशीचे छायाचित्र दाखवले. मी माझी जुनी बॅट दिली आणि भाच्यासाठी आणलेली नवी बॅटही दिली. पैसे क्यूआर कोड स्कॅन करून पाठवताना पडद्यावर त्याच्या नावाऐवजी कुठल्याशा मोबाइल ॲक्सेसरीजच्या दुकानाचे नाव आले. ते मी पाहिले, क्षणभर थबकलोही, पण मागे गर्दी होती आणि त्याने "भावाचे खाते आहे" असे सांगितले. एका चिठ्ठीवर बॅटांचे वर्णन लिहून त्याने खाली सही केली आणि ती माझ्या हातात दिली. तीस वर्षे जपलेली वस्तू मी पाच मिनिटांच्या ओळखीवर देऊन टाकली होती.

नात मुलांच्या रांगेतून तासाभरात कार्ड घेऊन आली. कार्डावर तिचे नाव होते आणि खाली सही. मी ते कार्ड नीट पाहिलेसुद्धा नाही.

तिसऱ्या दिवशी त्या तरुणाने स्वारगेटजवळच्या एका अमृततुल्यात बोलावले आणि बबल रॅपमध्ये गुंडाळलेल्या दोन्ही बॅटा दिल्या. सोबत प्रत्येकी एक प्रमाणपत्र, त्यावर चकाकणारा होलोग्राम आणि त्याखाली क्रमांक. सही ठळक, पूर्ण नावाची आणि वाचता येण्याजोगी होती. मला फार आनंद झाला. पुढचे पंधरा दिवस घरी येणाऱ्या प्रत्येकाला मी ती बॅट दाखवत होतो.

खोटेपणा उघड झाला तो नातीच्या कार्डामुळे. ते फ्रेममध्ये बसवायला नेण्यापूर्वी मी टेबलावर बॅटेशेजारी ठेवले आणि माझी नजर तिथेच थांबली. कार्डावरची सही म्हणजे पहिले अक्षर, त्यातून सुटलेली एक लांब रेघ आणि शेवटी छोटासा फटकारा. बॅटेवर मात्र संपूर्ण नाव अक्षर न् अक्षर लिहिलेले होते. ते खेळाडू खेळत असतानाच्या काळात छापील कार्डांवर जी सही असायची, हुबेहूब तशी. कार्ड आणि लाकूड यांवरचा हात वेगळा चालतो, अशी समजूत मी आधी करून घेतली. मग टपाल तिकिटे पाहण्याचे भिंग काढले. कार्डावरची रेघ सुरुवातीला बारीक, वळणावर जाड आणि शेवटी पुन्हा विरळ होत गेली होती. वेगाने चालणाऱ्या हाताची रेघ अशीच असते. बॅटेवरची रेघ आरंभापासून अंतापर्यंत एकाच जाडीची होती. अक्षरांच्या मध्ये, जिथे पेन उचलायचे काही कारण नाही अशा दोन ठिकाणी, ते उचलून पुन्हा टेकवल्याचे ठिपके दिसत होते. बॅटेच्या विलो लाकडाच्या उभ्या रेषांत शाई दोन्ही बाजूंना पसरली होती. कोऱ्या लाकडावर पेन रेंगाळले तरच शाई अशी मुरत जाते. केनियाच्या खेळाडूने १९९६ मध्ये भर गर्दीत उभ्या उभ्या केलेल्या सहीची कडा आजही त्याहून स्वच्छ आहे.

मग मी ट्रेसिंग पेपर घेतला, माझ्या बॅटेवरची सही पेन्सिलने गिरवली आणि तो कागद भाच्याच्या बॅटेवर ठेवला. दोन्ही सह्या वळणासाठी वळण एकमेकींवर बसल्या. कोणताही माणूस एकच सही दोनदा तंतोतंत सारखी करू शकत नाही. एकाच मापाच्या दोन सह्या निघतात त्या साच्यावरून किंवा गिरवून. त्या दिवशी रांगेत भेटलेल्या एका संग्राहक मित्रालाही त्याच तरुणाने बॅट आणून दिली होती. तो कागद घेऊन मी त्याच्याकडे गेलो. तिथेही सही त्याच रेघेवर बसली. त्याच्या प्रमाणपत्रावरचा क्रमांक आणि माझ्या प्रमाणपत्रावरचा क्रमांकही एकच निघाला. प्रमाणपत्रावर छापलेला दूरध्वनी क्रमांक लागत नव्हता आणि तरुणाचा मोबाइल बंद होता.

आयोजकांकडे चौकशी केली तेव्हा त्यांनी सांगितले, की मागच्या खोलीत कोणत्याही वस्तूवर सही झालेली नाही, पाहुणे टेबलावरून उठून थेट गाडीत बसले होते, आणि त्यांच्या स्वयंसेवकांना ओळखपत्रे दिलीच नव्हती. सगळ्यांच्या मनगटावर रंगीत पट्टे होते. हे मी त्या सकाळी स्वयंसेवकाला एका वाक्यात विचारू शकलो असतो.

ज्या नियमांचा मला राग आला होता, त्यांच्याविषयी नंतर मी पुष्कळ वाचले. मोफत मिळालेली सही दुसऱ्या दिवशी विक्रीला लागते, हा या नियमांमागचा मुख्य प्रश्न आहे, आणि तो आपल्यापेक्षा कितीतरी आधी अमेरिकेत उभा राहिला. तिथे अमेरिकन फुटबॉलच्या काही संघांच्या सराव शिबिरांत सह्यांसाठीची जागा फक्त लहान मुलांना राखून ठेवलेली असते. बेसबॉलच्या चेंडूवर दोन शिवणी जिथे सर्वांत जवळ येतात, तेवढ्या अरुंद जागेतली एकटी सही बाजारात सर्वाधिक किमतीची मानली जाते. म्हणून विक्रेत्यांना टाळू इच्छिणारे खेळाडू सहीसोबत आवर्जून समोरच्याचे नाव लिहितात. नाव आले की विकत घेणारा मागे फिरतो, आणि ज्याला ती सही स्वतःजवळ ठेवायची आहे, त्याचे मात्र काही बिघडत नाही. माझ्या नातीच्या कार्डावर तिचे नाव लिहिण्यामागे हाच हेतू होता. मी नेमकी नाव नसलेली, म्हणजे विकाऊ सही मागत होतो, आणि ती पुरवायला खोटी सही करणाराच पुढे येणार होता.

अमेरिकेत या धंद्याची व्याप्ती किती होती, ते १९९० च्या दशकाच्या अखेरीस 'ऑपरेशन बुलपेन' नावाच्या तपासात दिसून आले. एफबीआयच्या सॅन डिएगो कार्यालयाने खोट्या सह्या करणाऱ्यांची साखळी पकडली, तेव्हा नामवंत खेळाडूंच्या खोट्या सह्यांबरोबर मदर तेरेसांची सही असलेले बेसबॉलसुद्धा हाती आले. त्या टोळ्या खोट्या सहीसोबत खोटी प्रमाणपत्रेही देत असत. त्यानंतर २००१ मध्ये मेजर लीग बेसबॉलने, म्हणजे तिथल्या बेसबॉलच्या सर्वांत मोठ्या व्यावसायिक स्पर्धेच्या संघटनेने, स्वतःची पडताळणी पद्धत सुरू केली. तिचे सूत्र साधे आहे: सही होताना पडताळणी करणारा माणूस प्रत्यक्ष हजर असेल, तरच वस्तूला क्रमांकित होलोग्राम लागतो. नंतर कोणी कितीही शपथा घेतल्या तरी तो मिळत नाही. म्हणजे होलोग्रामचे मोल त्याच्यामागच्या साक्षीदारात आहे. चकाकणारे कोरे स्टिकर बाजारात घाऊक मिळतात आणि माझ्या प्रमाणपत्रावर त्यांतलेच एक होते. कोणी असे प्रमाणपत्र दाखवले, तर ते कोणी दिले, सही होताना तो माणूस कुठे होता आणि क्रमांक कुठे तपासता येतो, हे तिन्ही प्रश्न पैसे देण्याआधी विचारा.

आणखी एक गोष्ट आपल्याकडील क्रिकेटसंबंधी. "ड्रेसिंग रूममधून सही आणून देतो" असे सांगणारे अनेक जण भेटतात. २००० साली सामना निश्चितीचे प्रकरण उघडकीस आल्यानंतर आयसीसीने भ्रष्टाचारविरोधी पथक स्थापन केले आणि आंतरराष्ट्रीय सामन्यांच्या वेळी खेळाडूंच्या कक्षात कोण जाऊ शकतो, यावर कडक निर्बंध आले. तिथे पास नसलेल्या माणसाला प्रवेश नसतो. ज्याच्याकडे खरोखर तसा पास असेल, तो साडेतीन हजारांसाठी अनोळखी माणसाची बॅट आत नेऊन आपला पास धोक्यात घालील, असे मला वाटत नाही.

तक्रारीविषयी थोडे सांगतो, कारण त्यात मी वेळ घालवला. ऑनलाइन पैसे गेल्यावर १९३० या सायबर मदत क्रमांकावर जितक्या लवकर कळवावे, तितकी रक्कम खात्यात अडवली जाण्याची शक्यता जास्त असते. मी पंधरा दिवसांनी कळवले, तोवर रक्कम पुढे गेलेली होती. पोलीस ठाण्यात एकटा गेलो तेव्हा रक्कम किरकोळ म्हणून मला अर्ज ठेवून जायला सांगितले. नंतर आम्ही सात जण एकत्र गेलो. व्यवहारांचे क्रमांक, हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या, एकाच क्रमांकाची प्रमाणपत्रे आणि तो ट्रेसिंग पेपर टेबलावर मांडला, तेव्हा अधिकाऱ्यांनी लक्ष घातले. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये फसवणुकीचा समावेश आहे आणि आमच्या अर्जात त्याचा उल्लेख आहे. चौकशी सुरू आहे. तुमच्यापैकी कोणी अशी बॅट घेतली असेल, तर चिठ्ठी, प्रमाणपत्र आणि गुंडाळलेले कागदसुद्धा टाकून देऊ नका.

भाच्याची नवी बॅट घासून पुन्हा कोरी करता येईल. जुन्या बॅटेविषयी मी फर्निचरचे काम करणाऱ्या एका जाणत्या कारागिराला विचारले. बारीक पॉलिशपेपरने वरची शाई निघेल, असे तो म्हणाला. पण खोट्या सहीची शेवटची रेघ चौथ्या सहीच्या दोन अक्षरांवरून गेलेली आहे आणि ते खेळाडू आता हयात नाहीत. त्यामुळे बॅटेला हात लावायचा नाही, असे मी ठरवले. माझ्यामागे ही बॅट नातीकडे जाईल. ती कोणाच्याही हाती पडली तरी फसवणूक पुढे जाऊ नये, म्हणून मी एक जाड कागदाची पट्टी मुठीला दोऱ्याने बांधली आहे आणि तिच्यावर तारीख घालून लिहिले आहे: "पाचवी, पूर्ण नावाची सही खोटी आहे. बाकीच्या चार माझ्यासमोर झाल्या."