गणेशपुरी-अकलोलीत बोअर मारायला आले, तर कोणत्या अटींवर हो म्हणायचं?

केंद्राने सप्टेंबर २०२५मध्ये भूऔष्णिक ऊर्जेचं, म्हणजे जमिनीच्या पोटातल्या उष्णतेपासून मिळणाऱ्या ऊर्जेचं, राष्ट्रीय धोरण जाहीर केलं. भिवंडी तालुक्यात तानसेकाठची गरम पाण्याची कुंडं बघता उद्या कुणी प्रकल्पाचे कागद घेऊन आलं तर नवल नाही. ग्रामसभेत मग ‘सुरक्षित आहे ना साहेब?’ एवढंच विचारलं जातं आणि साहेब हो म्हणतात. त्याऐवजी स्वित्झर्लंडची दोन शहरं शेजारी ठेवून बघा.

बाझलमध्ये २००६ साली अशाच प्रकल्पासाठी पाच किलोमीटर खोल बोअरमध्ये दाबाने पाणी सोडलं, खडकाच्या फटी उघडायला. धक्के ठरलेल्या पातळीवर गेले की पंप बंद, असा सिग्नलसारखा नियम होता. ८ डिसेंबरला तो पाळलासुद्धा. तरी काही तासांनी ३.४ तीव्रतेचा धक्का बसलाच, कारण पंप थांबला तरी खडकात मुरलेला दाब लगेच ओसरत नाही. घरांना तडे गेले, भरपाईचे दावे झाले, आणि २००९मध्ये प्रकल्प गुंडाळला.

सेंट गॅलनमध्ये २०१३चा धक्का ३.५चा, म्हणजे किंचित मोठाच. पण प्रकल्प शहराच्या मालकीचा होता आणि २०१०च्या मतदानात ८० टक्क्यांहून जास्त लोकांनी त्याला होकार दिला होता. लोक बाझलसारखे बिथरले नाहीत. पुढे काम थांबलं त्यात पुरेसं गरम पाणी न लागणं हे मोठं कारण होतं.

माझा कल सेंट गॅलनकडे. मतदानाने भूकंप टळत नाही, हे मात्र कोयनेच्या राज्यात वेगळं सांगायला नको. दक्षिण कोरियातल्या पोहांगमध्ये एप्रिल २०१७ला तीनच्या वरचा धक्का बसूनही काम चालू राहिलं. नोव्हेंबरमध्ये ५.४चा भूकंप झाला, देशभरची कॉलेज प्रवेश परीक्षा आठवडाभर पुढे गेली. सरकारने नेमलेल्या तज्ज्ञांनी २०१९मध्ये ठपका प्रकल्पावर ठेवला. तेव्हा काम थांबवायचा अधिकार कंपनीकडे नको, जिल्हा प्रशासनाकडे हवा.

आपल्याकडे खडक न फोडता गरम पाणी उपसायचाच प्रस्ताव येईल, असं मला वाटतं. मग हादऱ्यापेक्षा कुंड आटण्याची भीती मोठी. न्यूझीलंडमध्ये वैराकेईला वीजकेंद्र आलं आणि तिथली गरम पाण्याची कारंजी गेली. रोटोरुआत मात्र सरकारने १९८०च्या दशकात मुख्य कारंज्याच्या दीड किलोमीटरच्या आतल्या बोअर बंद करायला लावल्या, आणि कारंजी सावरली. आपल्या ठरावात असं अंतर आकड्यात लिहून घ्या. कुंडांची पातळी आणि तापमान बोअरच्या आधी वर्षभर मोजलं पाहिजे, पावसाळ्यासकट. नुसत्या मे महिन्याच्या आकड्यांवर भागवू देऊ नका. आकडे दर आठवड्याला ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावेत.

भरपाईची रक्कम काम सुरू होण्याआधी बँकेत जमा हवी. आणि तडा प्रकल्पामुळेच गेला हे घरमालकाने सिद्ध करावं, असं कलम दिसलं तर सही करू नका. आजूबाजूच्या घरांच्या भिंतींचे फोटो कंपनीच्या खर्चाने, पंचांसमोर, आधीच काढून ठेवायला लावा.