घरचा सॉकेट की रस्त्यावरचा चार्जर?

इलेक्ट्रिक कार घेतली तेव्हा आमच्या सोसायटीत चार्जिंगची सोय नव्हती. पहिले सात महिने पुण्यातल्या पब्लिक चार्जरवरच गाडी चालवली. मग पार्किंगमध्ये स्वतःचा 15 अँपिअरचा सॉकेट आला. गाडी तीच, माणूस तोच, पण रोजचं जगणं पार बदललं.

आधी पैशाचं बघू. बॅटरी 40 युनिटची धरा. 20 टक्क्यांवरून 80 वर न्यायला 24 युनिट लागतात आणि शहरात तेवढ्यात साधारण 150 किलोमीटर होतात. फास्ट चार्जरवर मला जीएसटी धरून युनिटला 22 रुपयांच्या आसपास पडायचं, म्हणजे 528 रुपये. घरी युनिटला 10 रुपये धरले तरी 240. पेट्रोलच्या गाडीला याच अंतराला हजाराच्या वर लागतात, त्यामुळे पैशापायी पब्लिक चार्जरला नाही म्हणायचं कारण नाही. घरच्या मीटरवर मात्र युनिट वाढले की वरचा स्लॅब लागतो. रनिंग जास्त असेल तर ईव्हीसाठी वेगळा मीटर घ्या.

खरा फरक वेळेचा. घरच्या सॉकेटवर 24 युनिट भरायला आठेक तास लागतात, पण तेव्हा मी झोपलेला असतो. फास्ट चार्जरवर पाऊण तासात काम होतं, आणि तो सगळा पाऊण तास माझा जातो.

त्यातही चार्जर चालू असला तर! जुलैतली एक रात्र विसरत नाही. बॅटरी 11 टक्के, अॅपवर एक गन (चार्जरच्या केबलचा गाडीला लावायचा प्लग) मोकळी. जाऊन बघतो तर त्या गनसमोर पेट्रोलची एसयूव्ही लावून मालक जेवायला गेलेले. वॉचमननं त्यांना शोधून आणेपर्यंत पंचवीस मिनिटं गेली. भर पावसात मानेत छत्री धरून गन लावली, खट्‌ झालं, हिरवा दिवा लागला आणि दोन मिनिटांत चार्जिंग तुटलं. असं तीनदा. शेवटी कस्टमर केअरनं तिकडून मशीन रीस्टार्ट केलं. घरी पोचलो तेव्हा साडेअकरा वाजले होते, लेक वाट बघून झोपून गेली होती. शिवाय प्रत्येक कंपनीचं अॅप वेगळं, वॉलेट वेगळं. माझे पैसे चार ठिकाणी अडकलेले असायचे.

बॅटरीचाही विचार करा. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी असते. ती अधूनमधून स्लो चार्जरवर 100 टक्के भरावी लागते, नाहीतर सेलचा समतोल बिघडतो आणि टक्क्यांच्या आकड्यावर भरवसा राहत नाही. फास्ट चार्जरवर 80 नंतर वेग पडतो, मागे रांग असते. तिथे कोण शंभरपर्यंत थांबणार?

हायवेवर मात्र पब्लिक चार्जरच आधार, आणि तिथे तो मला आवडतो. कोल्हापूरला जाताना चहा-नाश्ता होईतो गाडी पुढच्या टप्प्यापुरती भरते. फक्त 25 टक्क्यांच्या खाली जाऊ देऊ नका आणि पुढचा चार्जर आधीच हेरून ठेवा. मुंबईहून येताना बोरघाटात चढावर टक्के भराभर उतरतात.

ऑफिसात चार्जर असेल, किंवा रोजचं रनिंग 20-25 किलोमीटर आणि घरापासून चालत जाण्याजोगं खात्रीचं स्टेशन असेल, तर घरच्या सॉकेटशिवाय निभतं. बाकीच्यांनी आधी सॉकेट, मग गाडी. घरच्या वीजजोडणीवर गाडी चार्ज करायला केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांची मुभा आहे. सोसायटीच्या समितीला लेखी अर्ज द्या: केबल माझ्या मीटरवरून, वेगळा एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडणारा स्विच), नीट अर्थिंग, खर्च माझा. आमच्या समितीची हरकत आगीच्या भीतीपोटी होती. लायसन्सधारक इलेक्ट्रिशियनला बैठकीत बसवल्यावर ती मिटली.

बुकिंगचे पैसे भरण्याआधी वीजबिलावरचा मंजूर भार, म्हणजे घराला एका वेळी किती किलोवॅट वापरायची परवानगी आहे, तो बघा. सॉकेटवरची गाडी एकटीच 3 किलोवॅटच्या आसपास घेते. भार कमी असेल तर तो वाढवून घेण्याचा अर्ज गाडी यायच्या आत महावितरणकडे गेलेला बरा.