ऑफिसचं वायफाय: पासवर्ड बदलायचा, राऊटर बदलायचा का सरळ वायर टाकायची?

नागपूरच्या धरमपेठेत माझ्या चुलत बहिणीनं, ताईनं, सीएचं ऑफिस टाकलं. सात माणसं, दोन खोल्या, एक जुना प्रिंटर, आणि पहिल्याच आठवड्यात मला फोन, "अरे, तू नेटवर्कचीच कामं करतो ना, आमचं वायफाय कोणी चोरून तर नाही ना ऐकून राहिलं? लोकांचे कागद असतात बापा." मी म्हटलं पहिले पासवर्ड सांग. तर तो तिचाच मोबाईल नंबर, नेट लावायला आलेल्या पोरानं टाकून दिला होता, आणि तोच नंबर खाली बोर्डावर हातभर मोठ्या अक्षरात लिहिलेला.

बोर्ड नसता तरी फार फरक नव्हता. आपल्याकडचे मोबाईल नंबर ६ ते ९ नं सुरू होतात, म्हणजे सगळे मिळून ४०० कोटी. वायफायला फोन जोडला जातो तेव्हाची सुरुवातीची देवाणघेवाण कोणी हवेतून एकदा टिपली, की पुढचं अंदाज लावायचं काम तो घरी बसून करू शकतो, राऊटरला पत्ताच नाही. चांगल्या ग्राफिक्स कार्डावर सेकंदाला दहा लाख अंदाज धरले तरी ४००० सेकंद, तास-सव्वा तासात सगळे नंबर तपासून मोकळा.

ताईला हे पटेना. मग तिच्याच परवानगीनं, तिच्याच नेटवर्कवर करून दाखवलं (दुसऱ्याच्या नेटवर्कवर करू नका, आयटी कायद्यात बसतं ते). मी खाली तर्री-पोह्याच्या ठेल्यावर लॅपटॉप आणि मॉनिटर मोडवालं (आजूबाजूचं सगळं वायफाय ऐकणारं) यूएसबी अडॅप्टर घेऊन बसलो, वायरशार्क (नेटवर्कवरून काय जातं ते दाखवणारं सॉफ्टवेअर) लावलं, त्यात तिचा पासवर्ड भरला, आणि तिला फोनवर सांगितलं की तुझ्या लॅपटॉपचं वायफाय एकदा बंद-चालू कर, मग काम कर. इन्कम टॅक्सचं पोर्टल उघडलं तर मला फक्त साइटचं नाव दिसलं, आतलं काही नाही, कारण ते एचटीटीपीएसमधून, म्हणजे साइटच्या स्वतःच्या कुलपातून, जातं. ताई खुश. मग म्हटलं आता स्वतःचंच जुनं रिटर्न प्रिंटला टाक. दोनदा पॅकेट (हवेतून जाणारे माहितीचे तुकडे) माझ्या हातून सुटले, तिसऱ्यांदा पूर्ण पान माझ्या स्क्रीनवर, पॅन नंबरासकट. जुने ऑफिस प्रिंटर बहुतेक कागद उघडाच घेतात, वर कुलूप फक्त वायफायचं, आणि त्याची चावी माझ्याकडं होतीच. पोहे थंड झाले पण ताई गरम झाली.

म्हणून कोणता पर्याय घ्यायचा हे ठरवताना माझा प्रश्न एकच असतो: पासवर्ड ज्याला माहीत आहे त्याच्यापासून वाचायचंय का, ज्याला माहीत नाही त्याच्यापासून? सीएच्या ऑफिसात हे फार लागतं कारण आर्टिकलची (सीए व्हायला ऑफिसात शिकणारी) पोरं येतात आणि जातात, आर्टिकलशिप आता दोन वर्षांची, आणि जाताना पासवर्ड फोनमध्येच घेऊन जातात, त्यांचा दोष नाही, कोणी पुसायला सांगतच नाही.

सगळ्यात स्वस्त म्हणजे आहे तोच डब्ल्यूपीए-२ (वायफायच्या कुलपाची पद्धत) ठेवायचा आणि पासवर्ड लांब करायचा. २००४ पासून चालत आलाय, एईएस एन्क्रिप्शन (माहिती गुप्त करायची भक्कम पद्धत) आहे, २०१७ मध्ये मॅथी व्हॅनहॉफनं क्रॅक नावाचा हल्ला दाखवला तेव्हा बोंबाबोंब झाली पण अपडेटनं ते भोक बुजवता आलं. पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा चालतो, तुम्ही चार-पाच असंबद्ध शब्द जोडून वीसच्या वर न्या, बाहेरचा माणूस डोकं आपटत बसेल. फुकटात होतं, आजच करा. पण आतल्या माणसासमोर ह्याचं काही चालत नाही, ज्याच्याकडं पासवर्ड आहे आणि जोडणी होतानाचे पॅकेट आहेत तो बाकीच्यांचं वाचू शकतो, मी ठेल्यावर बसून तेच केलं.

डब्ल्यूपीए-३ (२०१८ चा) नेमका इथं वेगळा आहे. त्यात जोडणीची पद्धतच बदलली, प्रत्येक जोडणीला दोघांत नवीन गुपित तयार होतं, त्यामुळे पासवर्ड माहीत असूनही नुसतं कान देऊन बसणाऱ्याला काही मिळत नाही, आणि हवेतून टिपून घरी अंदाज लावत बसायचा धंदाही बंद. २०१९ मध्ये ह्यातही ड्रॅगनब्लड नावाच्या खोडी सापडल्या, त्यावर दुरुस्त्या आल्या, तरीही मी हाच घ्या म्हणतो. एक सुटतं, पासवर्ड माहीत असलेला माणूस त्याच नावाचं खोटं वायफाय उभं करून तुम्हाला फसवू शकतो, पण त्याला खटाटोप लागतो आणि तो पकडला जाऊ शकतो.

अडचण जुन्या सामानाची. विंडोज १० चं २०१९ चं १९०३ व्हर्जन, अँड्रॉइड १०, आयओएस १३ इथून पुढं चालतं, लॅपटॉपचं कार्ड आणि ड्रायव्हरही पाहिजे, आणि ताईच्या प्रिंटरनं तर नावच घेतलं नाही. मग दुकानदार म्हणतो मिक्स मोड टाका, दोन्ही चालतील. चालतात, पण मग जुन्या दारानं येणारा जुन्याच कुलपावर येतो, म्हणजे तुम्ही नवीन राऊटरचे पैसे भरून प्रिंटरसाठी परत २००४ मध्ये. बर्डीच्या बाजारात मोदी नंबर तीनला राऊटर घ्यायला गेलात तर खोक्यावरचा स्पीड नका बघू, आत "फक्त डब्ल्यूपीए-३" असा पर्याय आणि वेगळं गेस्ट नेटवर्क आहे का ते विचारा, काउंटरवरचा पोरगा जरा बघतच राहील.

तिसरा पर्याय एंटरप्राइझ मोड, म्हणजे प्रत्येकाला स्वतःचं युजरनेम-पासवर्ड, मागं ते तपासणारा एक रेडियस सर्व्हर. पोरगा सोडून गेला की फक्त त्याचं खातं बंद, बाकी कोणाला हात लावायची गरज नाही. कागदावर सगळ्यात भारी हाच. पण फोन-लॅपटॉपमध्ये सर्व्हरचं सर्टिफिकेट (त्याचं ओळखपत्र) तपासायची सेटिंग नीट केली नाही तर खोट्या वायफायला लोक खुशाल आपली माहिती देऊन बसतात, आणि ते सांभाळायला माणूस लागतो. पन्नास जणांचं हॉस्पिटल असेल तर बिनधास्त घ्या. सात जणांत, रोज सकाळी "भाऊ, माझं कनेक्टच नाही होऊन राहिलं" ऐकायची तयारी असेल तरच.

व्हीपीएनचं (नेटवरचं सगळं झाकून दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरमधून नेणारी सोय) लोक फार विचारतात, जाहिरातींमुळं. तो तुमच्या लॅपटॉपपासून व्हीपीएनच्या सर्व्हरपर्यंतच झाकतो, टेबलावरून शेजारच्या प्रिंटरला जाणारं पान त्यात सहसा येतच नाही, म्हणजे ताईचा खरा घोळ तसाच. हां, नागपूर स्टेशनच्या फुकट वायफायवर किंवा क्लायंटच्या ऑफिसात बसून काम करत असाल तर कामाचा आहे. पण तिथंही विश्वास हटत नाही, फक्त दुसऱ्याकडं सरकतो. २०२२ मध्ये सर्ट-इननं (सायबर सुरक्षेची सरकारी संस्था) व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवायला सांगितली तेव्हा काहींनी भारतातले सर्व्हरच हलवले, हेही माहीत असू द्या.

वायफायचं नाव लपवणं आणि मॅक फिल्टर (ठरावीक फोन-लॅपटॉपच्या नंबरांनाच आत घेणं), ह्यांच्यावर वेळ नका घालवू. लपवलेलं नाव फोन स्वतःच ओरडून सांगतो, मॅक नंबर हवेत उघडा फिरतो आणि त्याची नक्कल दोन मिनिटांत होते. डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता बटणानं किंवा पिननं जोडायची सोय) मात्र बंद करा, त्याचा आठ आकडी पिन दोन तुकड्यांत तपासला जातो, म्हणून साधारण ११ हजार प्रयत्नांतच निघतो, २०११ पासून जगजाहीर आहे.

राहिली वायर. हसू नका. कॅट-६ केबल १०० मीटरपर्यंत चालते, धरमपेठेतल्या दोन खोल्यांत तेवढी लागतच नाही, आणि ती ऐकायला माणसाला ऑफिसात येऊन केबलला हात लावावा लागतो, ठेल्यावर बसून नाही जमत. जुन्या इमारतीत भिंत फोडायला घरमालक कुरकुर करतो, आणि ड्रिलवाल्याला बजावून सांगा की केबल कूलरच्या खिडकीखालून नको, मे महिन्यात तिथं दिवसभर पाणी गळतं, एका ठिकाणी माझं पूर्ण जॉइंट हिरवं पडलं होतं.

ताईनं शेवटी असं केलं: चार डेस्कटॉप आणि तो हट्टी प्रिंटर वायरवर, प्रिंटरचं वायफाय बंद, लॅपटॉपला फक्त डब्ल्यूपीए-३, आणि सगळ्यांचे फोन, क्लायंटसकट, वेगळ्या गेस्ट नेटवर्कवर, जिथून ऑफिसचं काही दिसत नाही. आर्टिकल सोडून गेला की त्याच संध्याकाळी लॅपटॉपचा पासवर्ड बदलायचा, लॅपटॉप तीनच, दहा मिनिटांचं काम.

परवा केबलचं बिल द्यायला गेलो तर खाली पोहेवाले काका प्लेट देता देता विचारतात, "काऊन जी, वरच्या ताईचं वायफाय बंद झालं का? तीन दिवस झाले, येऊनच नाही राहिलं."