ताणावर लोबान: पाकिटावरचं आणि धुपाटण्यातलं

काष्ठौषधीच्या दुकानात ‘लोबान’ मागितला की तीन वेगळ्या वस्तू हाती पडू शकतात: ओमानच्या धोफारमधला लोबान, आपल्याकडच्या सालईचा डिंक किंवा सुमात्राकडचा ऊद. ऊद व्हॅनिलासारखा गोड, पण लहान खोलीत गुदमरवतो. सालई स्वस्त, वासाला टर्पेंटाइनच्या वळणाची. दिवसभराच्या कामाने डोकं जड झालं असेल तर ओमानीच घ्यावा; त्यातही फिकट हिरवट, होजरी प्रतीचा. त्याला लिंबाच्या सालीचा स्वच्छ वास असतो.

राळेची भेसळ ओळखणं सोपं. खडा ओल्या बशीवर घासा. लोबानात डिंक असल्याने पाणी दुधाळ होतं. राळ काचेसारखी चकाकते आणि पाण्याला दाद देत नाही.

खरी गंमत आचेत. धुपाटण्यात बोटभर राख किंवा वाळू, त्यावर कोळशाची टिकली. पेटताना ती तडतडते, तो टिकलीत मिसळलेल्या सोऱ्याचा प्रताप. त्या उग्र वासात लोबान टाकू नका. सहा-सात मिनिटांत टिकली सगळीकडून राखाडी होते. मग तिच्यावर चिमूटभर राख भुरभुरवून हरभऱ्याएवढे दोनच खडे ठेवा. उघड्या निखाऱ्यावर खडा फसफसून काळा पडतो, लिंबाचा वास क्षणात जातो आणि जळक्या साखरेसारखा धूर डोळ्यांत जातो. ‘लोबानाने डोकं उठलं’ ही तक्रार बहुतेक वेळा इथलीच. काळा गोळा चिमट्याने काढल्याशिवाय नवा खडा नको. विजेचं धुपाटणं मंद ठेवलं तर धूर जवळजवळ होतच नाही.

आता पाकिटावरची ‘ताणमुक्ती’. 2008 च्या संशोधनात इन्सेन्सोल ॲसिटेट या घटकाने उंदरांची भीती कमी झालेली दिसली खरी, पण तो टोचून दिला होता, धुरातून नव्हे. शिवाय हा घटक मुख्यतः लोबानाच्या इथिओपिया-सुदानकडच्या पापिरिफेरा या वेगळ्या जातीत सापडतो. म्हणजे ओमानी पाकिटावरचा दावा उसना. आवडत्या वासाने दहा मिनिटं स्वस्थ वाटतं, तेवढ्यासाठी घ्या. आठवडेच्या आठवडे झोप उडाली असेल तर डॉक्टरच गाठा.

खिडकी उघडी हवीच. घरात दम्याचा माणूस, तान्हं बाळ किंवा पिंजऱ्यात पोपट असेल तर धूर नको.

पहिल्यांदा 50 ग्रॅम पुरे. रोज दोन खड्यांनी दोन-अडीच महिने जातात. डबा घट्ट झाकणाचा घ्या आणि मसाल्यांजवळ ठेवू नका, जिऱ्याला वास लागतो.