कुशीवर झोपणाऱ्यांची उशी : आठ महिन्यांनंतर

काल धुतलेली खोळ चढवताना चेनचा रनर हातात आला, तेव्हाच ठरवलं, आता लिहायचंच. सप्टेंबरात १,८५० रुपयांना घेतलेली ही मेमरी फोमची उशी. खांद्यासाठी चंद्रकोरीसारखा काप असलेली.

मी डाव्या कुशीवर झोपते. जुन्या कापसाच्या उशीवर पहाटे डाव्या हाताला मुंग्या यायच्या आणि मानेची उजवी शीर ताणलेली असायची. नवी उशी आली तरी पहिले दोन महिने फारसा फरक नव्हता. जानेवारीत तर पहाटे ती फळीसारखी लागायची. मेमरी फोम थंडीत कडक होतो आणि अंगाच्या उबेनं सैल पडतो, हे मला ठाऊक नव्हतं, आणि नाशिकची थंडी काय असते ते सांगायला नको. तेव्हा मी बहिणीला "अजिबात घेऊ नकोस" म्हणाले होते. ते शब्द आता मागे घेते.

कारण खरी अडचण उंचीची होती. नवऱ्यानं मला भिंतीला खांदा टेकवून उभं केलं, मान सरळ ठेवायला लावली आणि कानापासून भिंतीपर्यंत पट्टी धरली : १४ सेंमी. उशीची उंच बाजू ११, डोकं टेकलं की जेमतेम ९. फोमच्या मऊ गादीत खांदा रुततो, तिथे एवढं कदाचित पुरत असेल. आमची गादी कापसाची, दिवाळीआधी पिंजून घेतलेली, तिच्यात खांदा जागचा हलत नाही. मग डोकं खाली कलणारच. उशीखाली सोलापुरी चादरीची घडी घातली आणि चौथ्या दिवशी मुंग्या थांबल्या. आज तीन महिने झाले, एकदाही आल्या नाहीत. उशी बनवणाऱ्यांनी आत काढता-घालता येणारा दोन बोटांचा थर दिला असता तर माझा अख्खा हिवाळा वाचला असता.

पण खोळीचं मी सोडणार नाही. फोम धुता येत नाही, उन्हात टाकता येत नाही. म्हणजे एप्रिलचा घाम, केसांचं तेल, सगळं खोळीनंच झेलायचं. साधा अभ्रा या आकारावर बसत नाही, कापाशी चुणी पडते आणि ती गालाला टोचते. कंपनीला फोन केला तर उत्तर आलं, वॉरंटी फोमची आहे, खोळीची नाही, आणि खोळ सुटी मिळत नाही. पाच वर्षं टिकणाऱ्या फोमला आठ महिन्यांची चेन? दर आठवड्याला धुवायची वस्तू आहे ती!

शेवटी जुनी खोळ उसवून मेन रोडजवळच्या आमच्या शिंप्याकडे नमुना म्हणून दिली. सुती कापडाच्या दोन खोळी, शिलाई १८० रुपये. चेन नकोच म्हणाले, मागे एकावर एक येणारी पट्टी ठेवायला सांगितली आहे. शनिवारी मिळतील. तोवर उशीला जुनी ओढणी गुंडाळली आहे.