पाळी वेळेवर, तरी रात्री घाम: रेल्वे लाईन्समधल्या मॅडमचा अनुभव

सोलापुरात रेल्वे लाईन्स भागात दवाखान्यांची रांगच आहे, त्यातल्या एका स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमकडं सध्या माझे उपचार चालू आहेत. नाव लिहीत नाही, त्यांना असली प्रसिद्धी आवडत नाही. शिवाय खाली काउंटरबद्दल थोडं कडू बोलणार आहे.

माझं वय ४७. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघते. अंगावरून फार जायचं म्हणून चाळिशीनंतर गर्भनिरोधक गोळ्या सुरू झाल्या. २१ हार्मोनच्या, ७ लोहाच्या, तेच पाकीट. पाळी अगदी तारखेला यायची. पण झोप मोडायची, बोटांचे सांधे सकाळी आखडायचे आणि मधेच मानेपासून वर आग चढायची. आता सोलापुरात मे महिन्यात बाईला घाम फुटला तर कोण विचारणार? पण गड्ड्याच्या यात्रेत, जानेवारीच्या थंडीत, होम मैदानावर सगळे शाली गुंडाळून उभे आणि मी पदरानं वारा घेतेय म्हटल्यावर जाऊबाई म्हणाल्या, "हे उन्हाचं नाही गं."

आधी एका डॉक्टरांनी "पाळी नियमित आहे ना, मग मेनोपॉज कुठला?" म्हणून पित्ताच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. एका लॅबनं चाळिशीनंतरच्या बायकांसाठीचं म्हणून महागडं पॅकेज गळ्यात मारलं. त्यात एफएसएच, म्हणजे पाळी जायच्या काळात वाढणारं हार्मोन, नॉर्मल.

मॅडमनी ती फाईल बाजूला ठेवली आणि पहिला प्रश्न विचारला, "हे होतं तेव्हा पाकिटातल्या कुठल्या गोळ्या चालू असतात?"

एवढ्या एका प्रश्नासाठी मी हा रिव्ह्यू लिहितेय. घरी जाऊन कॅलेंडरवर खुणा करायला लागले, तर घाम आणि धडधड बहुतेक वेळा लोहाच्या गोळ्यांच्या आठवड्यातच. मॅडमनी मग कागदावर रेघ मारून समजावलं. २१ दिवस गोळीतून हार्मोन मिळत राहतात, ते थांबले की रक्तस्राव होतो. तो गोळीचा हिशेब, अंडाशयाचा नाही. आत अंडाशय दमत चालला असला तरी बाहेर पाळी तारखेलाच दिसणार. वर गोळीतलं इस्ट्रोजेन घामाच्या लाटाही दाबतं, म्हणून लोहाच्या, म्हणजे हार्मोनच्या सुट्टीच्या आठवड्यात डोकं वर काढतात. आणि एफएसएचचं काय? या गोळ्या तेही दाबून ठेवतात, त्यामुळं त्या चालू असताना काढलेल्या आकड्यावरून काही ठरवता येत नाही. पॅकेजचे पैसे गेले ते गेलेच.

आवडलं ते हे, की लगेच शिक्का मारला नाही. त्या आठवड्यात डोकेदुखी, चिडचिड तरुण पोरींनाही होते, म्हणाल्या. थायरॉईड आणि हिमोग्लोबिन तपासलं, दोन्ही ठीक. बीपी मात्र चढलेलं निघालं, पुन्हा मोजलं तरी तेच. मग इस्ट्रोजेनची गोळी त्याच दिवशी बंद. बीपी नसतं तरी पन्नाशीनंतर ही गोळी देत नाहीत म्हणे. आता मूळ पाळी काय करते ते बघायचं. पण दिवस राहायची शक्यता अजून संपलेली नाही. शेवटची पाळी पन्नाशीच्या आत आली तर पुढं २ वर्षं, नंतर आली तर १ वर्ष काळजी घ्यायची. कंडोमचं समजावून सांगायला ह्यांनाही आत बोलावलं. ह्यांची नजर सगळा वेळ पंख्यावर.

जाऊबाईंना गर्भाशयात हार्मोनवाली टी (तांबीसारखी) बसवलीय, त्यांची पाळी त्यानंच जवळपास थांबलीय. त्यांनीही विचारून घेतलं. तिथं पाळीवरून काहीच कळत नाही, घाम, झोप, कोरडेपणा यावरूनच ओळखायचं. पन्नाशीनंतर मात्र त्यांच्या बाबतीत एफएसएचचा उपयोग होतो, कारण त्या टीमध्ये इस्ट्रोजेन नसतं.

मॅडम विडी वळणाऱ्या अक्कांशी तेलुगूत बोलतात, माझ्याशी मराठीत, आणि कुणालाच घाई करत नाहीत. म्हणून नंबरही पुढं सरकत नाही. अपॉइंटमेंटची वेळ म्हणजे नुसतं नाव. बाक दोनच, त्यावर निम्मे नवरे. आणि काउंटरवरची मुलगी त्या सगळ्यांसमोर खणखणीत आवाजात विचारते, "मावशी, शेवटची पाळी कधी?" मॅडमना सांगितलं, हसल्या, पण पुढच्या वेळीही तेच. एक चिठ्ठी लिहून घ्यायला काय जातं?

फी ४०० रुपये, रोखच घेतात. जिना उभा आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी सोबत कुणाला तरी न्या. संध्याकाळी फार गर्दी, सकाळी बरं. जाताना गोळ्यांचं पाकीट घेऊन जा, अर्धं वापरलेलं असलं तरी चालेल. मॅडम गोळीचं नाव विचारत नाहीत, पाकीटच हातात घेऊन बघतात.